रकाना नववा

खडेबाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात
आडनावाची तीन रूपं घेऊन बसलेय.
शाळेच्या दाखल्यावर मुतगेकर,
पासपोर्टवर त्यातलं एक अक्षर जास्त,
आणि तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर
कन्नडात जे काही आहे
ते नीलव्वाच्या धाकटीनं वाचून दाखवलं.
या तिन्ही बाया एकच आहेत,
असं वकील हुलजींनी स्टँपवर लिहून दिलंय.

दूरच्या एका थंड देशातलं विद्यापीठ
दोन वर्षं पोसणार आहे, विमानभाड्यासकट.
विषय: स्त्रिया आणि शांतता.
आठव्या रकान्यात संघर्षग्रस्त देशांची यादी,
आपल्या नावापुढं खूण करायची.
आमचं नाव नाही त्यात.
बरोबरच आहे. तिथं माणसं मरतात, रोज.
आमच्याकडं बहुतेक वेळा मरतात पाट्या.
नववा रकाना म्हणतो,
तुमच्या भागातल्या संघर्षाचं स्वरूप
आणि त्यात स्त्रियांची भूमिका.
पाचशे शब्दांत.

मी तेव्हा सातवीत.
यळ्ळूर रोडवरच्या मंडळाच्या पाटीला
रात्री कुणीतरी डांबर फासलं.
तासाभरात समोरच्या पतपेढीच्या पाटीलाही.
सकाळी पोरं उठली असती,
मागोमाग दगड उठले असते.
बस कोगनोळीला अडकून पडल्या असत्या
आणि वडगावातले माग आठवडाभर गप्प.
आई नीलव्वाच्या मागावर कांड्या भरायची.
गप्प माग म्हणजे काय
हे त्या दोघींना सोडून कुणाला कळणार?

पहाटे चारला दोघी बाहेर पडल्या.
मागावरच्या चिंध्या, रेशनचं रॉकेल,
आणि भजनी मंडळाची शिडी,
जी आणताना नीलव्वाच्या पायावर पडली.
अंगठ्याचं नख अजून काळं आहे तिचं.

दोघींनाही वाचता येत नव्हतं.
कुठली पाटी कुणाची
ते अंधारात विचारायचं तरी कुणाला?
म्हणून दोन्ही घासल्या.
अक्षरं दिसायला लागली तसं
आई म्हणे, बघ गं, ही गोल गोल, तुमची असतील.
आणि नीलव्वा म्हणे, त्या डोक्यावर रेघ असलेल्या तुमच्या,
वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या.

त्या दिवशी भाकरीला रॉकेलचा वास होता.
बाबा ताटावरून उठले.
मला कारण कळलं पंधरा वर्षांनी,
तेही नीलव्वा नखाकडं बघत हसली म्हणून.

हे सगळं लिहिलं.
मार्गदर्शक मॅडमनी लाल शाईनं
'पाट्या पुसल्या' खोडून
वर लिहिलं 'समुदाय-स्तरावरील हस्तक्षेप'.
वाईट नाही शब्द. समितीला कळेल.
पण त्यात शिडी कुठं टेकवायची?

काल रात्री आईनं विचारलं,
काय लिहूलीस एवढं?
म्हटलं, तुमचंच. पाट्यांचं.
ती दचकली. फॉर्मात आमचं नाव कशाला?
पोलीस येतील की गं.
नीलव्वा दारातच होती, तूप मागायला आलेली.
तिच्या भाषेतही ते तूपच, फक्त प वर जोर.
तिनं एवढंच विचारलं,
अल्ली ऊटा हेंग?
तिथं जेवणाचं कसं?
म्हटलं, सगळं देतात. राहणं, खाणं, पुस्तकं,
वर महिन्याला हातखर्च.
किती, म्हणाली आई.
मी रुपयांत करून सांगितलं.
दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग आई, हळूच, नीलव्वाला,
पुसायचे एवढे देऊलेत?

दुकानदार म्हणतो, ताई, पाचशे तीन होताहेत.
तीन काढा.
मी 'समुदाय', 'स्तरावरील' आणि 'हस्तक्षेप' यांच्यावर
बोट ठेवून बसलेय.
मागं रांग वाढतेय.
लाईट गेली तर
सगळं पहिल्यापासून.